किमयागार विद्यापीठात

परीस बनवण्याचे प्रयोग, देवदूतांशी झालेल्या संभाषणांच्या वह्या, ग्रहांचे ताईत, टॅरोचे पत्ते, कधीच कुणाला न सापडलेल्या बंधुसंघाचे जाहीरनामे. या सगळ्याचा रीतसर अभ्यास करून युरोपात डॉक्टरेट मिळते. पॅरिसमध्ये ख्रिस्ती गूढविद्येच्या इतिहासाचं अध्यासन १९६०च्या दशकातच सुरू झालं आणि १९७९ साली ते आंत्वान फेव्र यांच्याकडे आलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठानं १९९९ साली हर्मेटिक तत्त्वज्ञानाच्या इतिहासासाठी प्राध्यापकपद निर्माण केलं, त्यावर वाउटर हानेग्राफ यांची नेमणूक झाली. इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठात २०२४ पासून जादू आणि गूढविद्या या विषयात एम. ए. करता येतं.

इथले प्राध्यापक कुणाचं भविष्य सांगत नाहीत आणि लिंबू-मिरचीही बांधत नाहीत. ते लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी शिकतात, वाळवी लागलेली हस्तलिखितं वाचतात आणि जुन्या मंडळींनी काय मानलं, का मानलं, त्यातून पुढे काय घडलं हे शोधतात. हानेग्राफ यांचं म्हणणं मला फार पटतं. युरोपनं आधुनिक होताना ज्ञानाचा एक मोठा हिस्सा ‘आमचा नव्हे’ म्हणून बाहेर टाकला आणि नंतर इतिहास लिहिताना तो कधी होता हेही पुसून टाकलं. म्हणून न्यूटन अर्धाच कळतो आणि प्रबोधनकाळातली चित्रं अर्धीच दिसतात. या अभ्यासकांनी उकरून काढलेल्या गोष्टींतल्या माझ्या आवडीच्या काही इथे देतो.

प्लेटो राहू दे, आधी हे कर

फ्लॉरेन्सचा सर्वेसर्वा कोझिमो द मेदिची म्हातारा झाला होता. त्यानं आपल्या वैद्याच्या हुशार मुलाला, मार्सिलिओ फिचिनोला, प्लेटोचे सगळे संवाद ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणण्याचं काम दिलं होतं. तेवढ्यात १४६०च्या सुमारास एक भिक्षू मॅसेडोनियातून एक ग्रीक हस्तलिखित घेऊन आला. लेखक म्हणून त्यावर नाव होतं हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे त्रिवार थोर हर्मीस. हा मोझेसच्या काळातला इजिप्तचा महाज्ञानी, अशी तेव्हाची पक्की समजूत. कोझिमोनं फर्मावलं, प्लेटो बाजूला ठेव, आधी हर्मीस. पश्चिमेच्या तत्त्वज्ञानाचा पाया समजल्या जाणाऱ्या माणसाला रांगेत मागे सारलं गेलं, कारण त्याच्याही गुरूंचा गुरू हाती लागला होता!

फिचिनोनं १४६३ मध्ये भाषांतर पुरं केलं आणि पुढच्याच वर्षी कोझिमो वारला. १४७१ साली ते छापलं गेलं आणि मग आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिली. इटलीत सिएनाला गेलात तर कॅथीड्रलमध्ये शिरताच पायाखाली पाहा. १४८८ च्या त्या संगमरवरी फरशीवर खुद्द हर्मीस उभा आहे आणि तो मोझेसचा समकालीन असल्याचं खाली कोरलेलं आहे. चर्चच्या उंबऱ्याशीच एका बिगरख्रिस्ती ऋषीला असा मान मिळाला होता.

हा डोलारा पाडला तो व्याकरणानं. ग्रीकचा थोर पंडित आयझॅक कसोबाँ यानं १६१४ साली दाखवून दिलं की या ग्रंथाची भाषा मोझेसच्या काळची असूच शकत नाही. शब्द उशिराचे, कल्पना उशिराच्या, उल्लेखही नंतरच्या गोष्टींचे. ग्रंथ ख्रिस्तानंतरच्या पहिल्या काही शतकांतला. ग्रंथाचा काळ भाषेच्या पोतावरून ठरवण्याच्या कामातलं हे एक देखणं उदाहरण आहे.

पण प्रकरण इथेही संपलं नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथे पुरलेला ग्रंथसंग्रह सापडला, त्यात कॉप्टिक भाषेतली हर्मीसची लिखाणंही निघाली. काळाबाबत कसोबाँ बरोबर होता, पण या विचारांची मुळं इजिप्तच्या मातीत आहेत हेही आज अभ्यासक मान्य करतात.

उत्तर न देणारा संघ

त्याच १६१४ साली जर्मनीतल्या कासेल गावी एक पुस्तिका छापली गेली. ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्स नावाचा एक साधक पूर्वेकडे जाऊन अरबांकडून विद्या शिकून आला, त्यानं गुप्त बंधुसंघ स्थापला, त्याची समाधी १२० वर्षांनी उघडली तेव्हा देह जसाच्या तसा होता, अशी त्यातली कथा. शेवटी युरोपातल्या विद्वानांना आवाहन होतं की आमच्याशी संपर्क साधा. पत्ता मात्र दिलेला नव्हता.

मग लोकांनी उत्तरं छापायला सुरुवात केली. काही वर्षांत बाजूनं आणि विरुद्ध शेकडो पुस्तिका निघाल्या. संघाकडून कुणालाच जबाब आला नाही. १६२३ साली पॅरिसच्या भिंतींवर पत्रकं झळकली की अदृश्य बंधू शहरात येऊन राहिले आहेत. तत्त्वज्ञ देकार्त तेव्हा नुकताच जर्मनीहून परतला होता, त्यामुळे तोही त्यांतलाच अशी कुजबुज सुरू झाली. त्याचा जुना चरित्रकार सांगतो, देकार्तनं सोपा उपाय केला. तो मित्रांत मुद्दाम फिरू लागला, कारण ते बंधू अदृश्य होते आणि हा तर सगळ्यांना दिसत होता.

संघाच्या नावानं निघालेल्या मूळ पुस्तकांपैकी तिसऱ्या, १६१६च्या पुस्तकाचा लेखक योहान व्हालेंटिन आंद्रेए हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. ते आपण तरुणपणी लिहिलं आणि तो एक खेळ होता, असं त्यानं पुढे स्वतःच सांगितलं. तरी त्या न-अस्तित्वातल्या संघाच्या नावानं पुढच्या शतकांत खरेखुरे संघ उभे राहिले.

पेस्ट्रीखाली गेलेले देवदूत

डॉ. जॉन डी हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारी वावरणारा गणिती. युक्लिडच्या भूमितीचं पहिलं इंग्रजी भाषांतर १५७० साली निघालं, त्याची प्रस्तावना याची. लंडनजवळ मॉर्टलेक इथल्या त्याच्या घरात इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांपैकी एक होता. आणि हाच माणूस एडवर्ड केली नावाच्या साथीदाराला स्फटिकात बघायला लावून देवदूतांशी बोलत असे. देवदूतांनी सांगितलेली भाषा तो अक्षर-अक्षर टिपून ठेवी.

त्याच्या मृत्यूनंतरची गोष्ट फार चटका लावणारी आहे. लंडनच्या एका मिठाईवाल्या जोडप्यानं जुना लाकडी पेटारा विकत घेतला होता. कितीतरी वर्षं तो घरात पडून होता. १६६२ साली तो हलवताना आतून काहीतरी खडखडलं, चोरकप्पा निघाला आणि त्यात डीच्या वह्या! घरातल्या मोलकरणीनं त्यांतली जवळजवळ अर्धी पानं पेस्ट्रीखाली घालायला वापरून टाकली. चार वर्षांनी लंडनला मोठी आग लागली, त्यात पेटारा जळाला, पण घरमालकीण बाईंनी उरलेली पानं बाहेर काढली होती. पुढे ती संग्राहक एलियास ॲशमोलकडे पोचली आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. देवदूतांचं अर्धं बोलणं लंडनकरांच्या पेस्ट्रीखालून गेलं, हे आठवलं की मला अजून हळहळ वाटते.

डीचा म्हणून ओळखला जाणारा काळाभोर आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचा. २०२१ साली रासायनिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि दगड मेक्सिकोतल्या पाचुका भागातला निघाला. ॲझटेकांच्या देशातला आरसा थेम्सच्या काठी येऊन पोचला होता.

आणि एक जोड. डीच्या देवदूत-संभाषणांचा जाडजूड ग्रंथ १६५९ साली पहिल्यांदा छापला तो मेरिक कसोबाँनं. हर्मीसचं वय उघडं पाडणाऱ्या आयझॅकचा हा मुलगा.

सांकेतिक लिपीचं उत्तरही सांकेतिक लिपीत

१५६३ साली हाच डी अँटवर्पमध्ये एका हस्तलिखितामागे वेडा झाला होता. रात्रंदिवस बसून त्यानं त्याचा निम्मा भाग नकलून घेतला. ते होतं जर्मन मठाधिपती ट्रिथेमियसचं ‘स्टेगानोग्राफिया’. वरवर पाहता त्यात दूरवर निरोप पोचवणाऱ्या आत्म्यांची नावं आणि आवाहनं होती. १६०६ साली ते छापलं गेलं आणि लगेचच चर्चच्या बंदीयादीत गेलं.

पहिले दोन भाग प्रत्यक्षात गुप्तलिपीचे आहेत हे लवकरच कळलं. आत्म्याला केलेल्या आवाहनातली ठराविक अक्षरं वेचली की सूचना वाचता येत. तिसरा भाग मात्र आकड्यांनी भरलेला. तो खरोखरच ग्रहदेवतांच्या जादूचा असावा असं शतकानुशतकं मानलं गेलं. १९९०च्या दशकात टॉमस अर्न्स्ट हा जर्मन भाषेचा प्राध्यापक आणि जिम रीड्स हा अमेरिकेतला गणिती, दोघांनी एकमेकांच्या नकळत तो फोडला. तोही गुप्तलिपीच निघाला. आत काय होतं? लॅटिन वर्णमालेची सगळी अक्षरं वापरणारं एक सरावाचं वाक्य आणि एक साधा निरोप की पत्र घेऊन येणारा माणूस चोर आहे, त्याच्यापासून जपून राहा.

मग लक्षात आलं की १६७६ सालीच हायडेल नावाच्या गृहस्थानं हे कोडं सुटल्याचं लिहून ठेवलं होतं. त्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, कारण त्यानं आपलं उत्तरही स्वतःच्या सांकेतिक लिपीत छापलं होतं! तेही आता सुटलं आहे. हायडेल बरोबर होता.

न्यूटनचे दहा लाख शब्द

न्यूटन १७२७ साली वारला तेव्हा त्याची कागदपत्रं चाळणाऱ्या विद्वानानं कितीतरी गठ्ठ्यांवर छापण्याजोगे नाहीत असा शेरा मारला. दीड शतकानंतर वारसदारांनी हे कागद केंब्रिज विद्यापीठाला देऊ केले. विद्यापीठानं गणित आणि विज्ञानाचे ठेवून घेतले, किमयेचे आणि बरेचसे धर्मविषयक परत पाठवले. शेवटी जुलै १९३६ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात ३२९ लॉट पुकारले गेले आणि सगळे मिळून जेमतेम ९,००० पौंडांवर थोडे आले.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सला हे कळलं आणि तो हादरला. विखुरलेले कागद तो व्यापाऱ्यांकडून एकेक करून विकत घेत राहिला, मुख्यतः किमयेचे. तो साठा त्यानं केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजला दिला. धर्मविषयक कागदांचा मोठा भाग अब्राहम यहूदा या विद्वानानं घेतला, तो आज जेरुसलेमला आहे. केन्सनं वाचून काढलेला निष्कर्ष त्याच्या मृत्यूनंतर १९४६ साली त्याच्या भावानं वाचून दाखवला. न्यूटन हा विवेकयुगाचा पहिला माणूस नसून जुन्या मांत्रिकांच्या परंपरेतला अखेरचा, असा त्याचा सूर होता.

किमयेवर न्यूटननं सुमारे दहा लाख शब्द लिहिले. एकेकाळी हे त्याचं म्हातारपणीचं वेड समजून झाकलं जाई. पण तारखा बघितल्या की ते टिकत नाही. ‘प्रिन्सिपिया’ लिहिण्याच्या आधी आणि नंतरही त्याची भट्टी पेटलेली असे. अमेरिकेतले विल्यम न्यूमन आणि लॉरेन्स प्रिन्सिपे या दोघांनी तर जुन्या पाककृती प्रयोगशाळेत करून पाहिल्या. प्रिन्सिपे यांनी सतराव्या शतकातल्या कृतीबरहुकूम खास पारा तयार केला, त्यात सोनं घातलं, अंड्याच्या आकाराच्या काचपात्रात बंद करून मंद आचेवर ठेवलं. काही दिवसांनी आत फांद्या फुटलेलं झाड उभं राहिलं. किमयागारांच्या पोथ्यांतलं झाड कविकल्पना नव्हतं, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. परीस मिळाला नाही, पण त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. या दोघांच्या कामानं रसायनशास्त्राच्या इतिहासाची पहिली प्रकरणं नव्यानं लिहावी लागली.

इंग्लंडात किमयेनं सोनं वाढवणं हा १४०४ च्या कायद्यानं गुन्हा होता. तो कायदा १६८९ साली रद्द झाला आणि त्यासाठी खटपट कुणी केली? रॉबर्ट बॉइलनं. वायूंच्या नियमामुळे शाळेत भेटतो तोच.

भट्टीतून निघालेल्या आणखी दोन वस्तू

हॅम्बुर्गचा हेनिग ब्रांट सोन्याच्या शोधात मूत्र आटवत बसला आणि १६६९ साली त्याच्या हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस आला. योहान ब्योटगर हा पोरगेलासा किमयागार सोनं बनवण्याच्या बढाया मारताना सॅक्सनीच्या राज्यकर्त्याच्या कैदेत पडला. सोनं काही झालं नाही, पण युरोपला चिनी मातीच्या भांड्यांचं गुपित उलगडलं. माइसनचा कारखाना १७१० साली सुरू झाला, तो आजही चालू आहे.

फेराराच्या भिंतीवर वराहमिहिर

आता माझ्या सर्वांत लाडक्या गोष्टीकडे येतो.

इटलीतल्या फेरारा शहरात स्किफानोया नावाचा राजवाडा आहे. तिथल्या महिन्यांच्या दालनात १४७०च्या आसपास भित्तिचित्रं रंगवली गेली. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे. वर ग्रीक-रोमन देव, खाली ड्यूकचं रोजचं जगणं, आणि मधल्या काळसर पट्ट्यात रास आणि तिच्याभोवती तीन अनोळखी आकृती. या मधल्या आकृती कोण, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मार्चच्या, म्हणजे मेष राशीच्या, पट्ट्यात एक काळासावळा माणूस उभा आहे. अंगावर फाटका पांढरा पोशाख, कमरेला दोर बांधलेला.

आबी वारबुर्ग या जर्मन अभ्यासकानं १९१२ साली रोमच्या परिषदेत उत्तर दिलं. हे द्रेष्काण आहेत. राशीचे तीस अंश, त्यांचे दहा-दहा अंशांचे तीन भाग, प्रत्येकाची एक देवता. पत्रिका पाहणाऱ्यांना द्रेष्काण कुंडली आजही ठाऊक असते. आणि मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचं वर्णन वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त काय आहे? कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळा, लाल डोळ्यांचा, परशू उचललेला पुरुष.

सहाव्या शतकातला उज्जैनचा वराहमिहिर पंधराव्या शतकातल्या इटलीत पोचला कसा? वारबुर्गनं सगळी वाट शोधून काढली. मूळ कल्पना इजिप्तची, रात्रीचे तास मोजायला वापरलेल्या ताऱ्यांची. ती ग्रीक ज्योतिषात गेली, तिथून भारतात आली आणि इथे तिला वस्त्रं, शस्त्रं आणि चेहरे मिळाले. नवव्या शतकात बगदादच्या अबू मअशर या ज्योतिष्यानं आपल्या मोठ्या ग्रंथात हिंदूंच्या मतानुसार म्हणून ती वर्णनं लिहून घेतली. बाराव्या शतकात तो ग्रंथ लॅटिनमध्ये आला. मग इटलीतल्या ज्योतिषांच्या पोथ्या, मग फेराराच्या दरबारी पंडितानं आखून दिलेला आराखडा आणि शेवटी चित्रकाराचा कुंचला. वाटेत परशू गळून पडला, दोर आला, पण रंग आणि पांढरं वस्त्र टिकलं. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, त्या भिंतीसमोर उभं राहणाऱ्या मराठी माणसाला मेषेचा तो पुरुष ओळखीचा वाटायला हवा. प्रबोधनकालीन युरोप ग्रीस-रोमच्या पुनर्जन्मातून उभा राहिला हे आपण पाठ केलं. त्याच भिंतीवर बगदाद आणि उज्जैनही आहेत.

बँक तू घे, पुस्तकं मला दे

हा वारबुर्ग हॅम्बुर्गच्या सावकारी घराण्यातला थोरला मुलगा. तेरा वर्षांचा असताना त्यानं धाकट्या भावाशी, माक्सशी, करार केला. बँकेवरचा माझा हक्क तुला, बदल्यात मला हवी ती पुस्तकं तू आयुष्यभर घेऊन द्यायचीस. माक्सनं तो शब्द पाळला. कितीला पडेल याचा त्याला अंदाज नव्हता, असं तोच पुढे सांगे.

त्या ग्रंथालयाची मांडणी विषयवार वा लेखकवार नव्हती. हवं असलेलं पुस्तक काढायला जावं आणि खरं उपयोगाचं त्याच्या शेजारी सापडावं, असा विचार त्यामागे होता. म्हणून जादू आणि विज्ञान शेजारी-शेजारी. १९२९ साली वारबुर्ग गेला. १९३३ साली हिटलर आला, घराणं ज्यू, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ साठ हजार पुस्तकं दोन छोट्या आगबोटींत भरून लंडनला हलवली. १९४४ पासून ती लंडन विद्यापीठाची आहेत.

तिथेच फ्रान्सिस येट्स काम करू लागल्या. १८९९ चा जन्म, लहानपणी धड शाळा नाही, लंडन विद्यापीठाची बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली पदवी. १९६४ साली त्यांचं जोर्दानो ब्रुनोवरचं पुस्तक आलं. १६०० साली रोममध्ये जिवंत जाळलेला ब्रुनो हा विज्ञानाचा हुतात्मा म्हणून शिकवला जाई. येट्सबाईंनी तो फिचिनोच्या हर्मीसनं भारलेला साधक म्हणून दाखवला. निसर्गावर मंत्रांनी ताबा मिळवू पाहणारा माणूसच पुढे प्रयोगानं ताबा मिळवणारा झाला, असा त्यांचा दावा. आज तो जसाच्या तसा कुणी मानत नाही, त्यावर भरपूर टीका झाली. तरी हा विषय विद्यापीठाच्या दारातून आत आला तो त्यांच्या हाताला धरून, असं मी म्हणेन. कडेला ठेवलेल्या माणसानंच कडेला ठेवलेली पुस्तकं उघडावी, यात मला फार अर्थ दिसतो.

पत्ते खेळायचेच होते

टॅरो प्राचीन इजिप्तची गुप्त पोथी आहे हे कुणी ठरवलं? कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच पंडितानं, १७८१ साली. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियननं वाचली १८२२ मध्ये, म्हणजे तेव्हा त्यातलं एक अक्षरही कुणाला कळत नव्हतं. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला, हुकमाच्या पत्त्यांचा खेळ म्हणून. हे बारकाईनं सिद्ध करणारा जाडा ग्रंथ १९८० साली लिहिला मायकेल डमेट यांनी. ते ऑक्सफर्डचे नामवंत तर्कशास्त्रज्ञ. फ्रान्समध्ये टॅरोचा डाव आजही रंगतो.

वीस वर्षं थांबा

स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांनी १९०६ पासून भव्य अमूर्त चित्रं काढली, आत्म्यांच्या सांगण्यावरून असं त्या मानत. चित्रकार कांडिन्स्कीच्या अमूर्त चित्रांच्या आधी. माझ्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही दाखवू नका, अशी त्यांची इच्छा होती. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात ती लागली आणि सहा लाखांहून अधिक लोक बघून गेले. कलेचा इतिहास लिहिताना थिऑसफीसारखी गूढविद्या वगळून चालत नाही हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

गिरगाव ते न्यूयॉर्क

थिऑसफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कला स्थापन झाली. तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १६ फेब्रुवारी १८७९ ला मुंबईत उतरले आणि त्यांनी गिरगावात बिऱ्हाड केलं. त्यांचं ‘द थिऑसफिस्ट’ मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतून निघालं. मद्रासजवळ अड्यारला ते गेले १८८२च्या डिसेंबरात. जगभर पसरलेल्या या चळवळीची भारतातली पहिली चार वर्षं मुंबईची आहेत.

त्यांना भेटलेल्या मुंबईकरांत तुकाराम तात्या पडवळ होते. १८६१ साली ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणारे, ज्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली, तेच. पुढे ते थिऑसफिस्ट झाले आणि संस्कृत ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापून स्वस्तात विकू लागले. १८८०च्या दशकात त्यांनी पतंजलीची योगसूत्रं काढली. न्यूयॉर्कच्या विल्यम जज यांनी १८८९ साली अमेरिकन वाचकांसाठी योगसूत्रं आणली ती मुंबईची तीच आवृत्ती हाताशी धरून. अमेरिकेच्या योगवेडाच्या मुळाशी जातिभेदाविरुद्ध लिहिणारा एक मराठी गृहस्थ उभा आहे, आणि त्यांचं नाव आपल्याकडेच फारसं घेतलं जात नाही याची मला खंत वाटते.

त्याच १८८९ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या मोहनदास गांधींना दोन थिऑसफिस्टांनी गीता वाचायला बोलावलं. वाचायला घेतलं एडविन अर्नोल्डचं इंग्रजी पद्यभाषांतर. हा अर्नोल्ड तरुणपणी पुण्याच्या सरकारी कॉलेजचा, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य होता.

चक्रांचे सात रंग

शेवटी आजच्या योगवर्गाच्या भिंतीवरचा तक्ता. मूलाधार लाल, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, करत डोक्यापर्यंत इंद्रधनुष्य. हा क्रम कुठल्याही प्राचीन पोथीत नाही. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुड्रफ यांनी आर्थर ॲव्हलॉन या टोपणनावानं १९१९ साली ‘द सर्पंट पॉवर’ काढलं, त्यात पूर्णानंदांचं १५७७चं ‘षट्चक्रनिरूपण’ इंग्रजीत आलं. त्यामागचं संस्कृतचं पुष्कळसं काम अटलबिहारी घोष यांचं होतं हे कॅथलीन टेलर यांनी २००१ साली दाखवून दिलं. मग १९२७ साली थिऑसफिस्ट लेडबीटर यांनी आपल्याला दिसलेल्या रंगांसह चक्रांचं पुस्तक लिहिलं. इंद्रधनुष्याचा ओळीनं लागलेला तक्ता लोकप्रिय झाला १९७०च्या दशकात, अमेरिकेत, आणि तिथून परत आपल्याकडे आला. तक्त्यात हृदयातलं अनाहत चक्र हिरवं असतं. पूर्णानंदांच्या ग्रंथात त्याच्या पाकळ्या बंधुकाच्या फुलासारख्या, म्हणजे दुपारीच्या फुलासारख्या लालभडक आहेत.